कागद शाबूत राहिला

बाभुळगावात कुणाच्या अंगणात हिरवळ नाही, तरी मी गवत कापायची जुनी, हातानं ढकलायची मशीनं दुरुस्त करतो. लोक हसतात. हसू देत.

हे मशीन यवतमाळच्या भंगारातून आणलं. गंज घासून काढला, पात्यांना धार लावली. धार नीट बसली का, ते कागदावर कळतं. फिरती पाती आणि खालची पट्टी यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा तुकडा धरायचा आणि पाती फिरवायची; कागद सरळ कापला गेला, तर धार नीट बसली.

मी फिरवली. कर्र असा स्वच्छ आवाज आला. कागद मात्र शाबूत राहिला.

"अजी, हे फडकं माह्या हातातल्या हातात कापल्या गेलं!" स्वयंपाकघरातून माझी बायको साधना ओरडली.

मी पट्टीचे दोन्हीकडचे स्क्रू आवळले आणि पुन्हा फिरवली. कागद शाबूतच.

या वेळी ती स्वतःची वेणी हातात धरून अंगणात आली. वेणी मानेपाशी कापली होती.

"काय करून राह्यले तुम्ही? बंद करा ना जी ते," ती म्हणाली.

मी वेणी घेऊन तिचं टोक उन्हात धरलं. डावीकडं सरळ कापलेलं होतं. उजवीकडचे केस मात्र ओढून तोडल्यासारखे. इतक्या मेहनतीनंतर एक बाजू ढिलीच! माझं डोकं फिरलं.

माझा चेहरा बघून ती फाटकाकडं पळाली.

मी उठलो नाही. उजवा स्क्रू आवळला, नवा कागद घातला आणि हाक मारली.

"साधना, उभी राह्य. पळून राह्यली त पुन्हा वाकडंच कापल्या जाईन."