आठ महिन्यांचं रॉकेट

रॉकेटला बोट लावायचं नाही, असं मी नवऱ्याला, वेंडेलला, दहादा बजावलं होतं. आठ महिने खपून मी माझ्या उंचीचं रॉकेट बांधलं होतं. पॅराशूट उघडून धड खाली आलं तरच याहून मोठी रॉकेटं उडवायचा परवाना आमच्या रॉकेट क्लबकडून मिळणार होता. कॅन्ससचा वारा माझे मोकळे केस सारखे डोळ्यांवर आणत होता. रॉकेट सुसाट वर गेलं, वळलं आणि पॅराशूट न उघडताच कापलेल्या गव्हाच्या शेतात घुसलं. "कुणी सांगितलं होतं तुला आत हात घालायला? नवरा आहेस की वैरी?" अख्ख्या क्लबसमोर मी त्याच्यावर तुटून पडले. फुटक्या नळीतून मी पॅराशूट खेचून काढलं. घडी तशीच होती, आणि ती सुटू नये म्हणून मीच अडकवलेलं, काढायचं राहिलेलं माझ्या केसांचं रबरही. "सकाळीच विचारलं होतं तुला, रबर कुठंय?" वेंडेल म्हणाला. "तू म्हणालीस, लुडबुड करू नकोस."