दोघांचा तांदूळ

मागच्या पडवीतून भाजल्या चपातीचा वास आला आणि हरेश्वरचं तोंड कडू झालं.

“तुझी मजा हाय गो,” तो तिकडे न बघताच म्हणाला. “मी रोज भात गिळायचा आणि तू मागं बसून गरम गरम चपात्या खायच्या.”

“मला आवडतात,” त्याची बायको सगुणा पडवीतूनच म्हणाली. “तुमी पोटभर जेवा.”

दोन वर्षांपूर्वी रेशनला तांदूळ कमी आणि अमेरिकेचा लाल गहू जास्त येऊ लागला, तेव्हा थळच्या कोळीवाड्यात घरोघरी चपात्या सुरू झाल्या. हरेश्वरला त्या फार आवडल्या. चहात बुडवून तो चार-पाच सहज खायचा. मग त्याचं पोट बिघडलं, ते थांबेचना. होडीवर जाळं ओढणारा गडी वर्षभरात काठीसारखा झाला. झाडपाला झाला, अंगारे झाले. शेवटी सगुणा त्याला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरने बरेच दिवस तपासलं आणि सांगितलं, “याला गहू सोसत नाही. चपाती, पाव, बिस्कीट, रवा, सगळं कायमचं बंद. पिठाचा कणही पोटात जाता कामा नये. भात मात्र हवा तेवढा द्या.”

तेव्हापासून सगुणाने घरात दोन चुली केल्या. भात पुढच्या चुलीवर. कणीक मळायची ती मागच्या पडवीत, लाटायची तिथेच आणि खायचीही तिथेच. राखेने हात घासल्याशिवाय ती त्याच्या भांड्यांना शिवायची नाही. लग्न झाल्यापासून दोघं शेजारी बसून जेवायची, ते सुटलं. हरेश्वरच्या अंगावर हळूहळू मांस धरू लागलं. पण हिला आता आपल्यावाचून जेवण गोड लागतं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

त्या शनिवारी सगुणा मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजाराला गेली होती. शेजारच्या वेणूबाईने कुडापलीकडून हाक दिली, “हरेश्वर, रेशन आलाय. दुपारपर्यंत संपंल.” एरवी सगुणाच जायची. आता पायांत बळ आलं होतं, म्हणून तोच कार्ड घेऊन निघाला.

दुकानदाराने तांदूळ तोलून पिशवीत ओतला. पिशवी निम्मीही भरली नाही. तो गव्हाच्या पोत्याकडे वळला.

“तांदूळ घाला की अजून,” हरेश्वर म्हणाला. “घरात दोन माणसं हायत.”

“दोघांचाच हाय तो. दर खेपेला एवढाच असतो.” दुकानदाराने मान वर केली. “तुझी बायको पण हेच सांगते. गहू घ्या, त्याच्या बदली तांदूळ द्या म्हणते. भाताशिवाय तिला घास उतरत न्हाय. पण मी तरी कुठून आणू?”

हरेश्वर दोन्ही पिशव्या घेऊन वाळूतून घरी आला. हातातला तांदूळ तो पुन्हा पुन्हा जोखत होता. दोन्ही वेळा पोटभर जेवणाऱ्या एका माणसाला तो पुढच्या खेपेपर्यंत जेमतेम पुरला असता.

दुपारी सगुणा बाजारातून परतली. तिने भात रांधला, त्याला वाढला आणि ती मागे गेली. हरेश्वर ताट उचलून तिच्यामागे गेला. ती चपातीचे तुकडे कालवणात भिजवून, वर पाणी पीत, औषध घ्यावं तसे गिळत होती.

त्याला पाहून ती दचकली. “लांब बसा. हितं पीठ सांडलाय.”

तो उंबऱ्यावर बसला.

“रेशनवर आज मी गेलतो,” तो म्हणाला.

हरेश्वरने भाताचा घास उचलला. तो तोंडापर्यंत गेला आणि तसाच परत ताटात आला. सगुणा ते बघत होती.

“याच्यासाठीच सांगितला नव्हता तुमाला,” ती म्हणाली. “जेवा आता.”