बाबांचे पॉइंट

बाबांचा आवाज काढणं त्याला फारसं जड गेलं नाही. आधी घसा खाकरायचा, मग वाक्याच्या शेवटी ‘बरं का’ लावायचं, झालं. लहानपणी त्याच्या या नकलेवर पाहुणे पोट धरून हसायचे, खुद्द बाबासुद्धा. आता ऐकणारी होती क्रेडिट कार्डाच्या मदतकेंद्रातली कोणी मुलगी, आणि बाबांना जाऊन महिना होत आला होता.

बँकेला ते अजून कळवलं नव्हतं. कळवलं की कार्ड बंद, आणि कार्ड बंद झालं की खर्चावर बक्षीस म्हणून साठलेले पॉइंट बुडाले, हे मुलाने आधीच नीट वाचून ठेवलं होतं. एवढ्या पॉइंटांत समुद्रकाठच्या हॉटेलातला आठवडा सहज बसत होता. फक्त, इतके एकदम वापरायचे तर कार्डधारकाने स्वतः फोनवर होकार द्यावा असा नियम होता. म्हणून बाबांच्याच फोनवरून बाबा बोलत होते.

त्या फोनचा आवाज फक्त स्पीकरवर यायचा. मागे भांडी वाजायला नकोत म्हणून मुलाने आईला समोरच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. बाबांच्या कार्डाचं जरा काम आहे, एवढंच तिला सांगितलं होतं. ती मटार सोलत बसली होती आणि गेलेल्या नवऱ्याचा आवाज मुलाच्या तोंडून ऐकत होती. पहिल्याच खाकरण्याला तिने दचकून मान वर केली होती. मग पुन्हा खाली घातली.

पॉइंटांचं वेड बाबांचंच. शेजाऱ्यांचं वीजबिल, भाच्याच्या लग्नाचे कपडे, मेव्हण्याच्या गाडीचे टायर, सगळं आपल्या कार्डावर भरायचं आणि त्यांच्याकडून रोख घ्यायची. कार्डाची मर्यादाही वाढवून घेतली ती स्वतःच्या खर्चासाठी नव्हे, दुसऱ्यांचं भरता यावं म्हणून. एकदा तर दुकानाच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसालाच त्यांनी गळ घातली, तुमचं मी भरतो, तुम्ही मला रोख द्या. तो माणूस पाकीट घट्ट धरून दुसऱ्या रांगेत गेला. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने काही म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, आणखी थोडे साठू देत, मग आपण दोघं जाऊ, समुद्र दिसणारी खोली घेऊ. खोली दरवर्षी महाग होत गेली आणि थोडे साठायचे ते राहतच गेले.

“दोन मोठे आणि एक लहान. बरोबर, सर?” फोनमधल्या मुलीने विचारलं.

“बरोबर आहे, बरं का.”

आईचा हात शेंगेवरच थांबला. दोन मोठे म्हणजे मुलगा आणि सून, लहान म्हणजे नात. तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती, पण विचारायला काय जात होतं?

मुलीने खोलीचा प्रकार वाचून दाखवला. समुद्र दिसणारी. मग म्हणाली, आता शेवटची पडताळणी. तुम्ही नोंदवलेली पत्नीच्या जन्माची तारीख आणि महिना सांगा.

मुलाने घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आवाज बाबांचा होता, पण पुढे बोलायला काही नव्हतं. त्याने घाईघाईने फोन म्यूट केला आणि स्वतःच्या गळ्याने विचारलं, “आई, तुझी तारीख काय गं?”

“एकोणीस ऑक्टोबर.”

त्याने ती बाबांच्या आवाजात सांगितली. पलीकडे बटणं वाजली. माफ करा सर, जुळत नाही, आणखी एकदाच सांगता येईल, असं मुलगी म्हणाली. मुलाने पुन्हा फोन म्यूट केला. नीट आठव, म्हणाला. स्वतःची तारीख काय आठवायची, आई म्हणाली, एकोणीसच.

“मग बाबांनीच चुकीची दिली असणार. कोणती दिली असेल? तुला माहीत असेल ना?”

तिला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ते नऊ ऑक्टोबरला मनगटी घड्याळ घेऊन आले होते, धापा टाकत, दुकान बंद व्हायच्या आत गाठलं म्हणून खुशीत. तारीख चुकली हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. मग दरवर्षी नऊच. मुलगा झाल्यावर घरात वाढदिवस झाला तो फक्त त्याचा. तिचा नऊ तारखेला, तो झोपल्यावर, गुपचूप. सांगायचं ते राहून गेलं, आणि पुढे पुढे तिला सांगावंसंही वाटेना. ती तारीख तिच्या जन्माची नव्हती, पण ती त्या दोघांची होती. ती देऊन या तिघांची खोली उघडावी असं तिला अजिबात वाटलं नाही.

“मला काय माहीत,” ती म्हणाली.

बाबांचा महिना चुकला असेल, असा मुलाने कयास बांधला. एकोणीस सप्टेंबर, बरं का, असं ठोकून दिलं. मुलीचा आवाज एकदम कोरडा झाला. सुरक्षेसाठी खातं थांबवलं आहे, तिने सांगितलं, आता ओळखपत्र घेऊन तुम्हाला स्वतः शाखेत यावं लागेल.

मुलाने फोन टेबलावर आपटला. सून आतून काय झालं म्हणून विचारत होती.

“कमाल आहे बाबांची,” तो म्हणाला. “इतकी वर्षं संसार केला आणि बायकोची साधी तारीख माहीत नाही.”

आईने मटारचं भांडं उचललं.

“त्यांना चुकीची तरी माहीत होती,” ती म्हणाली.