खडूची रेघ

"बाबा, पुन्हा पुढे आलात तुम्ही!"

गच्चीवर खडूची रेघ सुनीतीनंच मारली होती. विनायकराव ती ओलांडून चांगले हातभर पुढे आले होते. "आलो का? अरेच्चा!" म्हणत ते मागे झाले.

खालच्या मजल्यावरच्या शरच्चंद्रबाबूंनी आपला डबा कॅमेरा उसना देताना सगळं नीट समजावलं होतं. ऊन पाठीशी घ्या. कॅमेरा पोटाशी घट्ट धरा. खटका दाबताना श्वास रोखा. आणि काही झालं तरी सात फुटांच्या आत जाऊ नका, चेहरा पुसट येतो. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा! विनायकराव म्हणजे खिदिरपूरच्या गोदीत जहाजाच्या पोटातला चोरटा माल हुडकून काढणारा कस्टम्सचा माणूस. पण त्याचे दोन रोल वाया गेले होते. मागचा कठडा लख्ख, दोरीवरचे कपडे लख्ख, आणि मधोमध सुनीतीचं तोंड तेवढं वाफ धरलेल्या आरशात दिसावं तसं.

स्टुडिओत जायची सोय नव्हती. गेल्या वर्षी स्टुडिओतला फोटो जबलपूरच्या स्थळाला पाठवला होता. त्या लोकांनी कौतुकानं बोलावलं. तिथं ओळखीच्यांच्या घरी सुनीती पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाच्या आईनं तिच्या गालांवरचे देवीचे वण पाहिले, हातातला फोटो पाहिला आणि विचारलं, "ही थोरली असेल. फोटोतली कुठे आहे?" विनायकरावांनी तो घास कसा गिळला, त्यांचं त्यांनाच ठाऊक. आता नागपूरकरांनी आधीच बजावलं होतं, स्टुडिओतला रंगवलेला फोटो नको, घरी काढलेला साधा पाठवा. तोही या आठवड्यात, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

"झाला का एकदाचा?" सुनीतीची आई, कालिंदीबाई, जिन्यातून ओरडल्या. "ऊन चाललं! नकटीच्या लग्नाला सतराशे..." पुढचे शब्द त्यांनी गिळले, जीभ चावली आणि मुकाट्यानं खाली गेल्या.

सुनीतीला ते लागलं नाही असं नाही. पण आत्ता तिला बापाचा राग येत होता. नागपूरचा मुलगा शाळामास्तर होता, बिजवर नव्हता. असं स्थळ पुन्हा कुठलं चालून यायला? आणि बाबांना साधा खटकाही नीट दाबता येऊ नये!

रोलमधला शेवटचा फोटो उरला होता. विनायकरावांनी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत पाहिलं. सगळं जमलं. आणि त्यांचा पाय हळूच रेघेच्या पुढे पडला. मग दुसरा.

"बाबा!" सुनीतीला रडूच कोसळायचं बाकी होतं. "लहान पोरालाही जमेल हो! मागे राहायला जमत कसं नाही तुम्हाला?"

विनायकरावांनी काचेवरून नजर वर केली नाही.

"जमतं गं," ते म्हणाले. "मागे सरलं की सगळं दिसतं."

त्यांची ती धांदल, ते 'अरेच्चा', ते वाया गेलेले रोल, सगळ्याचा सुनीतीला आता अर्थ लागला. तिला बापाची इतकी दया आली की धड रागावताही येईना.

"आणि नागपूरला गेल्यावर हो?" तिनं हळूच विचारलं. "तिथं पुसट कशी दाखवाल मला?"

विनायकराव तिथंच उभे राहिले, कॅमेरा पोटाशी धरून. मागे जाववेना आणि खटकाही दाबवेना.

मग त्यांच्याकडे बघत बघत सुनीतीच मागे सरकत गेली, पाठ कठड्याला टेकेपर्यंत.