फरशीची रेघ

मुलांनो, जरा कल्पना करा. हॉलच्या फरशीवर एक सरळ रेघ आहे आणि तिच्यावर तुमचे आजोबा उभे आहेत. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत, कशालाही न धरता, त्यांना खिडकीपर्यंत जायचं आहे.

कस्तुरीचे आजोबा न्हाणीघरात पडले, तेव्हापासून आंघोळीला तिचे बाबा त्यांच्याबरोबर आत जायचे. आजोबांना त्याची फार लाज वाटे. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, "अण्णा, ही रेघ एकट्यानं पार करा, मग खुशाल दार लावून आंघोळ करा." पण ते चालायला लागले, की घरातलं कुणीतरी मायेनं त्यांचा दंड धरायचंच. मग त्यांचे पाय तोल सांभाळायला शिकणार कसे?

आज ताई सावरायला मागे उभ्या राहिल्या आणि कस्तुरी बाजूला. आजोबा निघाले.

"जपून, अण्णा!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"तू तुझी पोळी बघ, करपल्याचा वास येतोय!"

तेवढ्यात त्यांचा पाय लटपटला. दोन्ही हात हवेत फिरले. कस्तुरीची बोटं त्यांच्या बाहीपर्यंत पोचलीसुद्धा.

"धरू नकोस गं," आजोबा दात आवळत म्हणाले. "अजून उभा आहे मी."

कस्तुरीनं हात मागे घेतले, पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवले आणि श्वास रोखून त्यांच्याबरोबर एक पाऊल पुढे सरकली.