डायनासोर आधी

"डायनासोर आधी चढवा," मॅनेजर म्हणाला. "माणसांचं मग बघू."

पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. सकाळी ते सहा पायऱ्या खाली होतं. तासाभरात वादळ बेटावर येणार होतं आणि ही शेवटची लाँच होती. लाँचवाल्याने तसं स्वच्छ सांगून टाकलं होतं. एकदा किनारा गाठला की वादळ ओसरेपर्यंत तो परत फिरकणार नव्हता.

मॅनेजर हा निर्मात्याचा मेहुणा. मेहुणेपणाखेरीज त्याच्या अंगी दुसरी कला नव्हती, पण त्या एका कलेवर त्याने चाळीस दिवस सगळ्या युनिटला नाचवलं होतं. सिनेमा होता डायनासोरच्या बेटावर अडकलेल्या माणसांचा. त्यात नायक एकेकाला जबड्यातून ओढून काढतो आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी होडीत चढतो. तोच नायक आता सगळ्यांच्या आधी लाँचमध्ये जाऊन बसला होता. त्याच्या अंगात दोन लाइफ जॅकेट होती.

डायनासोर रबराचा होता, आतून फोमचा, दोन पुरुष उंच. त्याच्या पोटात तिघं असत. जावई पाय चालवायचा, त्याची बायको मान आणि जबडा हलवायची, आणि तिचा म्हातारा बाप शेपटी सांभाळायचा. सेटवर त्यांना नावं नव्हती. ए पाय, ए मान, ए शेपटी, अशा हाका मारल्या जायच्या. मानेपाशी शिवण उसवली होती आणि पाऊस आला की पाणी थेट मुलीच्या डोक्यावर गळायचं. तेवढं शिवून द्या, म्हणून तिने तीनदा विनवलं.

"आतलं कुणाला दिसतंय?" मॅनेजर म्हणाला होता.

बाहेरून मात्र तो डायनासोरला रोज स्वतःच्या हाताने पुसायचा. आणि त्याचा एक नियम होता. डायनासोरने खाली बसायचं नाही. बसला की तिघं जिथून आत-बाहेर करत ती पोटावरची चेन दबते आणि उठताना पाठ फाटते. दिग्दर्शकाला एकदा बसलेला डायनासोर हवा होता, तर त्यालाही याने हात हलवत परत पाठवलं होतं.

लाँचवाल्याने मागची जागा नजरेने मोजली. "हा लाँचवर उभा केला तर तिघं बेटावर राहतील. वजन पेलेल हो, पण जागा नाही."

ते तिघं कोण, हे कुणी विचारलं नाही.

"तुम्ही तिघं थांबा," मॅनेजर म्हणाला. "गुहा आहे की."

गुहा प्लायवुडची होती. तिचं अर्धं छप्पर सकाळीच उडून समुद्रात गेलं होतं.

"साहेब, पाणी तिथवर येणार," मुलगी म्हणाली. "बाबांना तरी न्या. त्यांना पोहता येत नाही."

"हे बघ, माणसं उद्या दुसरी मिळतील. हा बनवायला आठ महिने लागलेत."

 लाँचमधल्या दिग्दर्शकाला एकाएकी क्षितिजावर काहीतरी दिसायला लागलं. नायकाने दुसऱ्या जॅकेटचा पट्टा आवळून घेतला.  खाली मुंडी अन् पाताळ धुंडी, अशातला म्हातारा. तो नुसता डायनासोरच्या पोटाकडे बघत होता.

आठ जणांनी डायनासोर उचलून बघितला. पायरीवरच्या शेवाळावर एकाचा पाय सटकला, डायनासोर कलंडला आणि मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

"ठेवा, ठेवा खाली! चालवतच न्या त्याला. ए, तुम्ही तिघं आत शिरा. लाँचवर नेऊन उभा करा आणि मुकाट्याने उतरा."

तिघं आत शिरले. चेन मॅनेजरने स्वतः लावली. मग तो डायनासोरच्या पुढे उलटा चालत निघाला आणि दर पावलाला म्हणत राहिला, "जपून, जपून." डायनासोर फळीवरून डुलत लाँचवर चढला. मागच्या मोकळ्या जागेत गेला. सावकाश वळला. आणि खाली बसला.

"ऊठ!" मॅनेजरचा आवाज चिरकला. "नियम माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत आहे ना, साहेब," शेपटीतून म्हातारा म्हणाला. "उठलो तर फाटेल."

लाँचवाल्याने तोवर दोर सोडला होता. त्याने कमरेचा सुरा काढला आणि मुठीकडून मॅनेजरपुढे धरला.

"त्यांना काढायचं तर कापावं लागेल. कुठून कापता, सांगा."

मॅनेजरने सुऱ्याकडे बघितलं. मग डायनासोरकडे बघितलं. नुसत्या माणसांचा प्रश्न असता तर त्याने एवढा वेळ घेतला नसता.

"चला," तो म्हणाला.

बेट मागे पडलं आणि पाऊस कोसळायला लागला. मानेच्या उसवलेल्या शिवणीत पाणी शिरताना मॅनेजरने पाहिलं. एरवीच्या सरींचं ठीक होतं, पण एवढ्या पावसात फोम भिजला की कुजलाच. त्याने अंगातला रेनकोट काढला, डायनासोरच्या मानेवर पांघरला, कडा नीट खोचल्या, आणि वारा तो उडवू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरत तसाच भिजत, कुडकुडत बसला.

आत मुलीने डोक्यावरून हात फिरवून बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "आज गळत नाहीये."