महाराणीचं मटण

तव्यावर तुकडा टाकला तसा प्रयोगशाळाभर वास दरवळला आणि बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांना लाज वाटली, पण सुटलं खरं.

शाळकरी वयात त्यांच्या ताटात त्यांच्याच लाडक्या शेळीचं मटण पडलं होतं. कळलं ते जेवण झाल्यावर. ज्यासाठी जीव जाईल असं काही पुन्हा खायचं नाही, ही शपथ तेव्हाची. शपथ पाळली, चव मात्र जिभेवरून हलेना. म्हणून तर सगळी उमेद या कामात घातली. जिवंत शेळीच्या मांडीतून इवलासा नमुना काढायचा, त्यातल्या पेशी टाकीत वाढवून मटण तयार करायचं आणि शेळी आपली चरायला मोकळी.

शेळी म्हणजे महाराणी. मागच्या आवारात तिचा भलता थाट. पाला शिळा असला की तोंड फिरवायची. तिची निगा राखणं आणि नमुना काढणं, दोन्ही कामं प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांकडे. दुसऱ्या कुणाला ती अंगाला हात लावू देत नसे.

"काका, तिला इथं आणा," बाई म्हणाल्या. "तिच्यासमोरच खाईन."

काकांनी आणली. बाईंनी घास तोंडात घातला आणि चावता चावता त्यांना रडू कोसळलं.

"तेच," त्या म्हणाल्या. "अगदी तेच. आणि ही बया बघा, माझा कोट चघळत उभी आहे."

प्रयोगशाळेतले सगळे हसले. काकांनी कोट सोडवला.

"तुम्हीही घ्या ना एक घास."

"नको बाई. मला जमायचं नाही."

"अहो, कुणाचा जीव गेलेला नाही यात."

"ही सुखरूप आहे ना, त्यातच माझं पोट भरलं."

"तुमचा हात हलका म्हणून. सुई दिसली की थरथरते म्हणत होतात, पण अंगावर साधा व्रणही नाही."

काका महाराणीची मान खाजवत राहिले.

"पुढच्या खेपेसाठी उद्या आणखी एक नमुना काढाल?"

"काढतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नमुन्याची रिकामी बाटली खिशात घालून कामावर निघाले. वाटेत कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानापाशी थांबले.

"मागच्यासारखाच द्या," ते म्हणाले. "आत्ता कापलेल्याच्या मांडीचा, छोटासा. कागदात नको, या बाटलीत घाला."